मॅक्स फॉन स्टेफानिट्झ : जर्मन शेफर्ड घडवणारा कॅप्टन आणि 'कुत्रा बिघडतो कुणामुळे?' हा त्यांचा जुना वाद

बंगल्याच्या गेटवर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी दिसली की तुमच्या डोळ्यांसमोर कोणता कुत्रा येतो? बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर येतात ते उभे टोकदार कान, काळसर तोंड आणि लांडग्यासारखी चाल. आपल्या आधीच्या पिढीसाठी तो 'अल्सेशियन' होता, आता सगळे 'जर्मन शेफर्ड' म्हणतात.

पोलिसांच्या श्वानपथकात आणि सैन्यात तो दिसतोच. आता तो दोन बीएचके फ्लॅटमध्येही दिसतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुत्रा कुणावर तरी धावून गेल्याचा सीसीटीव्ही व्हिडिओ व्हायरल झाला की कमेंट्समध्ये हमखास दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, ही जातच खतरनाक. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कुत्रा नाही, मालक वाईट.

हा वाद इन्स्टाग्रामच्या खूप आधीचा आहे. जर्मन शेफर्ड ही जात ज्यांनी जवळजवळ एकहाती घडवली, ते मॅक्स फॉन स्टेफानिट्झ आयुष्यभर याच प्रश्नाशी झगडत होते. त्यांची काही उत्तरं आजही पटतात, काही वाचून अंगावर काटा येतो.

घोडदळातला कॅप्टन

स्टेफानिट्झ यांचा जन्म ३० डिसेंबर १८६४ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. घराणं उमरावांचं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते सैन्यात गेले आणि घोडदळात अधिकारी झाले.

नोकरीच्या काळात काही दिवस त्यांना बर्लिनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात काम करायला मिळालं. प्राण्याच्या शरीराची रचना, हाडांचे कोन, चालताना कोणता स्नायू कसा काम करतो, हे सगळं त्यांनी तिथे जवळून पाहिलं. घोड्यांसाठी शिकलेलं हे ज्ञान पुढे कुत्र्यांच्या कामी आलं.

१८९८ मध्ये त्यांना कॅप्टनपदी बढती मिळाली आणि लष्करी कारकीर्दही जवळपास तिथेच संपली. कारण होतं लग्न. त्यांची पत्नी रंगभूमीवरची अभिनेत्री होती, आणि उमराव अधिकाऱ्याने नटीशी लग्न करणं तेव्हाच्या जर्मन लष्कराच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं. स्टेफानिट्झ बाहेर पडले आणि म्युनिकजवळ ग्राफ्राट इथल्या आपल्या जागेत राहू लागले. वय तिशीतलं, हातात वेळ, गाठीला पैसा आणि डोक्यात एकच विषय, मेंढपाळांचे कुत्रे.

एक कुंपण, चार पायांचं

आज जर्मन शेफर्ड म्हटलं की आपल्याला चोर पकडणारा कुत्रा आठवतो. त्याचं मूळ काम मात्र वेगळंच होतं.

जर्मनीत मेंढ्यांचा कळप बहुतेकदा पिकांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांवर चरायचा. कुंपण नसायचं. एकीकडे गवत, लगेच पलीकडे कुणाचा तरी गहू. कुत्र्याचं काम असं की या हद्दीवरून दिवसभर येरझाऱ्या घालायच्या आणि एकही मेंढी पिकात शिरू द्यायची नाही. म्हणजे कुत्राच कुंपण. त्यासाठी न थकता तासन् तास दुडक्या चालीने पळणारं शरीर हवं, आणि मालक लांब उभा असतानाही स्वतः निर्णय घेणारं डोकं हवं. मेंढी हटली नाही तर तिला तोंडाने धरायचं, पण फाडायचं नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मेंढीला जखमी करणारा कुत्रा मेंढपाळाच्या काय कामाचा?

हीच चाल, हीच हद्द सांभाळायची खोड आणि हाच पळत्या गोष्टीमागे जाण्याचा स्वभाव घेऊन आजचा कुत्रा दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याला दाराबाहेरचा कॉरिडॉर म्हणजे आपली हद्द वाटते. सायकलवरचा मुलगा म्हणजे कळपातून सुटलेली मेंढी. आपण त्याला 'अ‍ॅग्रेसिव्ह' म्हणतो. तो आपल्या मते नोकरी करत असतो, फक्त ती नोकरी त्याला कुणी दिलेली नसते.

स्टेफानिट्झ यांच्या काळात या कुत्र्यांची एक अशी जात नव्हती. थुरिंगियाकडचे कुत्रे चपळ, काटक, उभ्या कानांचे आणि लांडग्याच्या रंगाचे. वुर्टेम्बर्गकडचे मोठे, वजनदार आणि शांत. प्रत्येक भागाचा नमुना वेगळा. १८९१ मध्ये 'फायलॅक्स' नावाच्या संस्थेने त्यांना एका सूत्रात बांधायचा प्रयत्न केला होता. पण कुत्रा दिसायला देखणा हवा की कामाला चांगला हवा, यावर तिथे एकमत झालं नाही आणि तीनच वर्षांत संस्था बंद पडली. शहरांची आणि कारखान्यांची वाढ होत होती, मेंढपाळी कमी होत होती. आणखी काही दशकं गेली असती तर हे कुत्रे बहुधा इतिहासजमा झाले असते.

कार्ल्सरूहचं प्रदर्शन

३ एप्रिल १८९९. कार्ल्सरूह शहरात कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं होतं. स्टेफानिट्झ आपले मित्र आर्टुर मायर यांच्यासोबत तिथे गेले होते. एका बाजूला त्यांना पिवळसर करड्या रंगाचा, मध्यम बांध्याचा कुत्रा दिसला. नाव हेक्टर लिंक्सराइन, वय चार वर्षं. हा कुत्रा नुसता शोभेचा नाही, कळप सांभाळायची अक्कल याच्या रक्तातच आहे, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी तो तिथल्या तिथे विकत घेतला आणि त्याचं नाव बदलून होरांड फॉन ग्राफ्राट ठेवलं.

पुढचे एकोणीस दिवस वेगाने गेले. २२ एप्रिल १८९९ रोजी जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. स्टेफानिट्झ त्याचे अध्यक्ष. सोबतच्या संस्थापकांमध्ये मेंढपाळ होते, कारखानदार होते, एक महापौर आणि एक खानावळवालाही होता. संघाच्या वंशावळीच्या नोंदवहीत पहिलं नाव होरांडचं. आजचा नोंदणीकृत जर्मन शेफर्ड जगाच्या पाठीवर कुठेही असो, त्याची वंशावळ मागे नेत गेलं की ती याच कुत्र्यापाशी पोहोचते.

'फायलॅक्स'चा वाद स्टेफानिट्झ यांनी एका फटक्यात मिटवला. आधी उपयोग आणि अक्कल, रूप नंतर. कुत्रा कामाला चांगला असेल तर त्याला सुंदर म्हणायचं, अशी त्यांची सरळ व्याख्या होती.

होरांड काही 'गुड बॉय' नव्हता

स्टेफानिट्झ यांनी १९०१ मध्ये या जातीवर पुस्तक लिहिलं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते फुगत फुगत जाडजूड ग्रंथ झालं. त्यात त्यांनी होरांडचं जे वर्णन केलंय ते कोणत्याही कुत्रेवाल्याला ओळखीचं वाटेल.

मालक शेजारी असला की नुसत्या इशाऱ्यावर ऐकणारा. मुलांचं वेड असलेला. पण एकटा सोडला की एक नंबरचा गुंड, सतत कुणाशी तरी भांडण उकरून काढणारा, क्षणभर स्वस्थ न बसणारा. लहानपणी त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. आणि इथे स्टेफानिट्झ यांनी आपल्या लाडक्या कुत्र्याचे दोष लपवले नाहीत, त्यांचं खापर योग्य ठिकाणी फोडलं. होरांडमध्ये जे काही वाईट होतं ते त्याच्या संगोपनाचं, रक्ताचं नव्हे, असं त्यांचं मत होतं. अंगात मावेना इतकी शक्ती आणि ती खर्च करायला काम नाही, एवढाच त्याचा रोग. कुणी त्याला काम दिलं की तोच कुत्रा सर्वांत शहाणा.

हे लिहिणारा माणूस कुत्र्यांच्या रक्तावर, वंशावळीवर, निवडक पैदाशीवर अख्खं आयुष्य घालवत होता, हे लक्षात घ्या. तरीही संगोपनाला तो इतकं वजन देत होता.

आजचं विज्ञान काय म्हणतं? अमेरिकेतल्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकंही तपासली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. माणसाचं ऐकण्याची तयारी यात जातीचा वाटा थोडा जास्त दिसला. पण एखादा कुत्रा किती लवकर बिथरेल, हे जातीवरून जवळपास ओळखताच आलं नाही.

याचा अर्थ सगळे कुत्रे सारखेच, असा काढू नका. पॉमेरियन चिडला तर पायाला ओरखडा येईल, ३५ किलोचा शेफर्ड चिडला तर हात मोडेल. चिडण्याची शक्यता आणि चिडल्यावर होणारं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोठा कुत्रा आणणाऱ्याने दुसरीचा विचार आधी करायला हवा.

स्टेफानिट्झ यांना कुत्र्यांचे मोठमोठे 'कारखाने' मुळीच आवडत नसत. पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये डझनावारी वाढवलेला कुत्रा भित्रा होतो आणि भित्रा कुत्रा चावतो, हे त्यांनी ओळखलं होतं. पिल्लू घरात, माणसांत, मुलांत वाढलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्या माणसांना, आवाजांना आणि प्राण्यांना सरावतं त्यांची भीती त्याला पुढे कमी वाटते, हे प्रयोगांनी सिद्ध व्हायला अजून अर्धं शतक जायचं होतं. ऑनलाइन फोटो पाहून, पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू खोक्यातून मागवणाऱ्यांनी इथे थोडं थांबायला हरकत नाही.

मेंढ्या संपल्या, मग पोलीस

मेंढपाळी आटत चालली होती आणि काम नसेल तर हा कुत्रा बिघडणार, हे स्टेफानिट्झ जाणून होते. म्हणून त्यांनी त्याच्यासाठी नव्या नोकऱ्या शोधायला सुरुवात केली. पोलीस, सैन्य, रेड क्रॉसची मदतपथकं. सुरुवातीला पोलीस अधिकाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. स्टेफानिट्झ चिवट होते. त्यांनी प्रात्यक्षिकं दाखवली, कुत्रे दिले, पाठपुरावा केला.

याच सुमारास 'शुट्झहुंड' नावाची परीक्षा सुरू झाली. या शब्दाचा अर्थ रक्षक कुत्रा. माग काढणं, आज्ञा पाळणं आणि रक्षण करणं असे तिचे तीन भाग. यातल्या तिसऱ्या भागाचे रील्स तुम्ही पाहिले असतील. जाड बाही घातलेला माणूस पळतो आणि कुत्रा झेप घेऊन ती बाही पकडतो. आपल्याकडे काही लोक एवढंच पाहून 'चावायचं ट्रेनिंग' द्यायला निघतात. परीक्षेचा खरा कस मात्र पुढच्या क्षणी लागतो. मालकाने एक शब्द उच्चारला की कुत्र्याने तोंड सोडायचं. जोशात असलेला कुत्रा सोडत नसेल तर तो नापास. मेंढीला धरायचं पण फाडायचं नाही, हा जुना नियमच इथे नव्या कपड्यांत आला होता.

पहिल्या महायुद्धात हजारो जर्मन शेफर्ड आघाडीवर गेले. निरोप पोहोचवणं, पहारा देणं, जखमी सैनिक शोधणं ही त्यांची कामं. समोरच्या खंदकांतल्या इंग्रज, फ्रेंच आणि अमेरिकन सैनिकांनी हे कुत्रे पाहिले आणि ते थक्क झाले. अंध झालेल्या सैनिकांना रस्ता दाखवण्यासाठी कुत्रे तयार करणारी शाळा १९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्गमध्ये निघाली.

प्रसिद्धी आली, घोटाळा झाला

युद्धानंतर या जातीचं नशीब पालटलं. सप्टेंबर १९१८ मध्ये एका अमेरिकन सैनिकाला फ्रान्समध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या ठिकाणी काही पिल्लं सापडली. त्यातलं एक हॉलिवूडचा सुपरस्टार झालं, रिन टिन टिन. सिनेमा पाहून घराघरात तसाच कुत्रा हवासा झाला. मागणी वाढली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. मिळेल त्या नर-मादीची जोडी लावून पिल्लं विकणारे उगवले. स्वभाव कोण बघतो? बाहेर आले ते उंच, किडकिडीत, भेदरलेले कुत्रे. मग चावण्याच्या तक्रारी आल्या आणि जातीचं नाव खराब झालं. हस्कीपासून पिटबुलपर्यंत प्रत्येक फॅशनेबल जातीची हीच कहाणी आहे, फक्त वर्षं बदलतात.

ब्रिटनमध्ये 'जर्मन' शब्दाचीच चीड होती, म्हणून तिथे या कुत्र्याला 'अल्सेशियन वुल्फ डॉग' म्हणू लागले. अल्सास हा जर्मनी-फ्रान्स सीमेवरचा प्रदेश. आपल्याकडचा 'अल्सेशियन' तिथूनच आला, इंग्रजांबरोबर. पण 'वुल्फ' हा शब्द महागात पडला. लोकांना वाटलं, हा अर्धा लांडगाच! पुढे तो शब्द गाळावा लागला. ऑस्ट्रेलियाने तर १९२९ मध्ये या जातीच्या आयातीवरच बंदी घातली. हे कुत्रे जंगली डिंगोंशी संकर करतील आणि मेंढ्यांचा फडशा पाडतील, अशी तिथल्या मेंढीपालकांना धास्ती होती. मेंढ्या राखण्यासाठी घडवलेल्या कुत्र्यावर मेंढ्यांसाठी बंदी! ती उठायला १९७० चं दशक उजाडलं.

स्टेफानिट्झ यांना हे बिघडलेले कुत्रे दिसत होते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला संघाने पैदाशीसाठी निवडायच्या प्रत्येक कुत्र्याची तपासणी सुरू केली. शरीर आणि स्वभाव दोन्ही पाहायचे, मगच परवानगी. १९२५ च्या वार्षिक प्रदर्शनात त्यांनी क्लोडो फॉम बॉक्सबर्ग या कुत्र्याला विजेता ठरवलं. तो बुटका, लांबट आणि निडर होता, तेव्हाच्या उंच फॅशनच्या अगदी उलट. या एका निवडीने जातीची दिशा बदलली.

काळी बाजू

इथवर वाचून स्टेफानिट्झ आदर्श वाटतील. तसे ते नव्हते.

संघात त्यांचाच शब्द अखेरचा असे. एका वेळी किती पिल्लं ठेवायची यावरही संघाची नजर होती आणि दुबळी पिल्लं मारून टाकणं योग्यच मानलं जाई. सुरुवातीच्या काळात जवळच्या नात्यातल्या कुत्र्यांच्या जोड्या पुन्हा पुन्हा लावल्या गेल्या. होरांडचे गुण लवकर पक्के करण्याचा तो सोपा मार्ग होता. पण अशाने गुणांबरोबर दोषही पक्के होतात. पुढे या जातीत खुब्याच्या सांध्याचा आजार इतका पसरला की १९६० च्या दशकात संघाला कुत्र्यांच्या एक्स-रे तपासणीची योजना आणावी लागली. आजही शेफर्डचं पिल्लू घेताना आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत ते यासाठीच.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे शुद्ध रक्ताचं खूळ त्यांनी कुत्र्यांपुरतं ठेवलं नाही. त्यांच्या ग्रंथात माणसांच्या वंशांबद्दलही मतं आहेत आणि ज्यूंबद्दलचा उघड पूर्वग्रह आहे. होरांडचा दोष रक्ताचा नाही, संगोपनाचा, असं म्हणणाऱ्या माणसाने माणसांना मात्र ती सवलत दिली नाही. त्यांच्या चरित्रातला हा भाग अनेक कुत्राप्रेमी संकेतस्थळं गाळून टाकतात.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि कुत्र्यांच्या संघांसह सगळ्याच संस्थांवर त्यांनी ताबा मिळवायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या अनेकांना कामाच्या परीक्षेपेक्षा जातीचा दिमाख प्यारा होता. ३६ वर्षं अध्यक्ष असलेल्या स्टेफानिट्झ यांना १९३५ मध्ये बाजूला व्हावं लागलं. २२ एप्रिल १९३६ रोजी ते वारले. संघाच्या स्थापनेला त्या दिवशी बरोबर ३७ वर्षं झाली होती.

हा कुत्रा दोन टोकांना गेला. एकीकडे नाझींच्या छळछावण्यांच्या तारेपाशी कैद्यांवर सोडला जाणारा शेफर्ड, आणि हिटलरची लाडकी ब्लाँडी. दुसरीकडे बडी नावाची शेफर्ड मादी, जिने एका अंध अमेरिकन तरुणाला रहदारीतून चालायला शिकवलं आणि जिच्यामुळे १९२९ मध्ये अमेरिकेत अंधांसाठी कुत्रे तयार करणारी 'सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. जात एकच, काळही जवळपास तोच.

आपल्याकडे

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींच्या 'हिंस्र' कुत्र्यांची विक्री आणि पैदास थांबवण्याचं परिपत्रक राज्यांना पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर त्यात होते, जर्मन शेफर्ड नव्हता. संबंधितांशी सल्लामसलत न केल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द ठरवलं. 'जात वाईट' विरुद्ध 'मालक वाईट' हा वाद त्यामुळे पुन्हा होता तिथेच आला.

मालकाची जबाबदारी सांगणारे कायदे मात्र आधीपासून आहेत आणि त्यांत जातीचा उल्लेखच नाही. तुमच्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी तुम्ही घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात एक कलम असं आहे जे फार कमी जणांना माहीत असतं. कुत्र्याला कायम साखळीने बांधून किंवा कोंडून ठेवायचं आणि त्याला पुरेसं फिरवायचं नाही, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. गेटवर पाटी लावली असली तरीही.